दुसऱ्या उपकरणावर

शुक्रवारी सकाळी भाजी चिरता चिरता तपासनीसबाईंनी कानात इअरफोन घातला, फोनवरचं बटण दाबलं आणि त्यांची सुरी अर्ध्या गाजरात थांबली. काल संध्याकाळी त्यांनी पुस्तक नवव्या प्रकरणात सोडलं होतं. नायिका तेव्हा फुलांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत अडकून पडली होती. आता ती एका बोटीवर केक कापत होती आणि प्रकरण होतं अकरावं.

म्हणजे रात्रीत कुणीतरी दोन प्रकरणं ऐकली होती.

दुसरी कुणी असती तर आपलाच अंगठा कुठंतरी लागला असेल म्हणून गप्प बसली असती. पण बाई विमा कंपनीत दावे तपासायच्या. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, पाण्यात भिजलेला माल हे त्यांचं रोजचं काम. आपोआप काही घडतं यावर त्यांचा विश्वास नव्हता. एकदा एका गोदामाच्या आगीचा दावा त्यांनी एवढ्यावरूनच रोखला होता, की मालकानं भिंतीवरचं आवडतं घड्याळ आगीच्या आदल्याच दिवशी दुरुस्तीला दिलं होतं. घड्याळ अगदी बरोबर चालत होतं. ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

या पुस्तकाचं मात्र घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. वाढदिवसाला नणंदेनं त्यांना कानानं ऐकायच्या पुस्तकांची वर्गणी भेट दिली. हौसेनं घरातल्या तिन्ही फोनवर ते ॲप घालून दिलं, सगळीकडे खातं मात्र बाईंच्याच नावाचं, त्यामुळे एका फोनवर जिथं थांबावं तिथूनच दुसऱ्यावर सुरू व्हायचं. वर ‘चष्म्याआड’ नावाची एक कादंबरी ऐकाच, म्हणून आग्रह केला. तेव्हा जेवणाच्या टेबलावर बाईंनी छोटं भाषण ठोकलं होतं. "असली पुस्तकं म्हणजे मेंदूला चघळायला दिलेलं रबर. माणसं मूर्ख, गोष्ट अशक्य, आणि शेवटी सगळे गळ्यात गळे घालणार."

गणिताच्या शिक्षिका आणि पुढं मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या सासूबाई लगेच म्हणाल्या होत्या, "अगदी बरोबर बोललीस." सासू-सुनेचं इतक्या वर्षांत एकमत झालेला तो पहिलाच मुद्दा. तो बाईंना मोडायचा नव्हता.

मग एका दुपारी जळालेल्या फर्निचरच्या दुकानाबाहेर मालकाची वाट बघत गाडीत बसावं लागलं. डोळ्यांवर झापड येत होती, म्हणून हातातल्या ऑफिसच्या टॅबवर त्यांनी ‘चष्म्याआड’ लावलं. फक्त नावं ठेवण्यापुरतं. गोष्ट अशी होती: एका फुलवाल्यानं बायकोला घटस्फोट दिलाय. का दिला ते तिला कळत नाही. ते शोधायला ती चष्मा लावून, आपणच आपली जुळी बहीण आहोत असं सांगून, त्याच्याच दुकानात नोकरी धरते. आणि तो तिला ओळखत नाही.

"दिवसभर फुलं ओळखतो, आणि स्वतःची बायको ओळखत नाही?" बाई गाडीत एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या होत्या. नायिकाही काही धड नव्हती. खोटं बोलायची, उधळी होती, दुसऱ्यांची पत्रं फोडायची आणि प्रत्येक प्रकरणात कशावर तरी धडपडून पडायची. असा दावा टेबलावर आला असता तर बाईंनी पहिल्याच पानावर लाल रेघ मारली असती. पण दुकानाचा मालक येऊन काच ठोठावू लागला, तेव्हा त्यांनी त्याला हातानंच ‘दोन मिनिटं’ म्हणून खुणावलं. नायिका नेमकी बादलीत पाय घालून पडली होती.

आता मुख्य भानगड. गुरुवारी संध्याकाळी साहेबांनी विभागातले सगळे टॅब तपासणीसाठी जमा करून घेतले होते. साहेब महिनाअखेरीला निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी कुणाचं नाव सुचवायचं, ते तेच ठरवणार होते. शर्यतीत दोघंच होते: बाई, आणि साहेबांचं वाक्य संपायच्या आत मान हलवणारा एक सहकारी, ज्याला सगळे होयबा म्हणत. ऑफिसच्या वस्तूचा खासगी वापर साहेबांना मुळीच खपत नसे. संगणकावर पत्ते खेळताना सापडलेल्या एका कारकुनाला त्यांनी थेट जुन्या फायलींच्या खोलीत धाडलं होतं. तो अजून तिथंच होता. आणि बाईंच्या टॅबवर ते पुस्तक उघडंच राहिलं होतं.

म्हणजे रात्री ऐकणारा एक तर घरातला होता, नाहीतर साहेब. आयुष्यात पहिल्यांदाच चोर घरातलाच निघावा, असं बाईंना मनापासून वाटलं.

खात्याचा पासवर्ड बदलून सगळ्यांना एका फटक्यात बाहेर काढता आलं असतं. पण आग लागल्यावर तपासनीस यायच्या आत जो जागा झाडून काढतो, त्याच्यावरच पहिला संशय घ्यायचा, हे बाईंनीच नव्या लोकांना शिकवलं होतं. त्यांनी पासवर्डला हात लावला नाही.

ऑफिसात गेल्या गेल्या होयबा गोड हसत पुढं आला. "बाई, साहेब या खेपेला सगळे टॅब स्वतः तपासतायत म्हणे. दार लावून. तुमच्यात काही नाही ना तसलं?"

"कसलं?"

"छे छे, मी आपलं सहज विचारलं. माझा तर नवाकोरा आहे. मी काही उघडतच नाही."

केबिनच्या काचेतून साहेब दिसत होते. समोर टॅब, कपाळावर आठ्या, एक हात कानाशी. मधूनच ते मान हलवत होते. नाराजीनं की कसं, ते इतक्या लांबून कळेना. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी जिन्यात जाऊन फोन पाहिला. पुस्तक आता आठव्या प्रकरणात होतं.

मागे? मागे कोण जातं? एकच गोष्ट दोनदा तपासणारा माणूस. साहेब प्रत्येक कागद दोनदा वाचायचे. बाईंना डबा गोड लागला नाही.

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी सापळा लावला. धंद्यातली जुनी युक्ती होती: मुद्दाम एक चुकीचा तपशील सोडून द्यायचा आणि दुरुस्ती कोण करतंय ते बघायचं.

"आज ऑफिसात एकजण एक गोष्ट सांगत होती," त्या भात वाढत म्हणाल्या. "एक फुलवाला असतो. त्याची बायको वारते, आणि मग..."

"वारते कुठली? घटस्फोट..." सासूबाई बोलून गेल्या आणि पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पीत राहिल्या. "म्हणजे, हल्ली घटस्फोटच फार होतात, असं म्हणायचं होतं मला."

"आणि मग ती टोपी घालून त्याच्या दुकानात जाते," बाईंनी दुसरा तपशील टाकला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. तो ताटातून मान वर न करता म्हणाला, "टोपीचं एक वेळ पटेल. चष्म्यानं माणूस ओळखू येत नाही, हे काही..." तो थांबला. "चष्म्याचा विषय कुणी काढला?"

"तुम्हीच काढलात."

"हो का? धंद्याची सवय."

सासूबाईंनी पेला खाली ठेवला. पोरांची बनवाबनवी पकडण्यात त्यांची उभी हयात गेली होती. "का गं, तुझ्या ऑफिसात एकजण सांगत होती म्हणालीस. तुमच्या विभागात तू एकटीच बाई आहेस ना?"

तिघंही भात कालवत राहिले आणि एकमेकांच्या फोनकडे चोरून बघत राहिले.

पण बाईंचं समाधान झालं नव्हतं. संशय म्हणजे पुरावा नव्हे. शुक्रवारी दुपारी पुस्तक मागे गेलं तेव्हा सासूबाई तर दातांच्या डॉक्टरकडे होत्या. म्हणून शनिवारी बाईंनी सहज बोलल्यासारखं विचारलं, "आई, काल डॉक्टरांकडे फार वेळ लागला का हो?"

"बाहेर बसूनच कंटाळले. डोळा लागला दोनदा."

"मग जागं झाल्यावर?"

"जागं झाल्यावर काय? जिथं डोळा लागला तिथपासून परत..." सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. "परत रांगेत बसले."

झालं, मागे जाण्याचा उलगडा झाला. उरलं पुढं जाणं. बाई चष्म्याच्या काडीचा स्क्रू सैल झाल्याचं निमित्त करून नवऱ्याच्या दुकानात गेल्या. काउंटरवर चार गिऱ्हाइकं ताटकळत उभी होती. नवरा डोळे तपासायच्या अंधाऱ्या खोलीत होता, आणि आत त्याच्याशिवाय कुणीच नव्हतं.

"काय करताय अंधारात?"

"मशीन तपासतोय."

"मशीनला इअरफोन लागतात?"

त्यानं कानाला हात लावला, इअरफोन काढला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो कुणीतरी दुसऱ्यानंच तिथं खोचून ठेवला होता. "हा? हा बाहेरच्या गोंगाटासाठी. कान झाकले की डोळ्यांवर लक्ष राहतं."

बाईंनी स्क्रू पिळून घेतला आणि हसू दाबत बाहेर पडल्या. सासूबाई मागे नेतात, नवरा पुढे नेतो. ऑफिसला मध्ये न आणताही सगळं जुळत होतं. बिचारे साहेब नुसतेच टॅब तपासत होते. त्या दिवशी डबा व्यवस्थित संपला.

रविवारी दुपारी शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं. जेवणं आटोपली. सासूबाई म्हणाल्या, "मी जरा पडते." नवरा म्हणाला, "माळ्याखालच्या खोलीतली जुनी खोकी लावायचीत." बाई म्हणाल्या, "केस धुऊन घेते." तिघांचीही दारं एकदमच लागली.

बाईंनी न्हाणीघरात नळ सोडला, बादली पालथी घातली, तिच्यावर बसून फोन सुरू केला. शेवटच्या प्रसंगात नायिका चष्मा काढून फुलवाल्यासमोर उभी राहते आणि खरं काय ते सांगून टाकते. फुलवाला हातातली कात्री खाली ठेवतो, तिच्याकडे बघतो आणि म्हणतो, "मला..."

आवाज बंद. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘हे पुस्तक सध्या दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.’

बाईंनी परत बटण दाबलं. "मला पहिल्या..." बंद. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्यांचा फोन नेहमी पूर्ण आवाजात असायचा. भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला, "दिवसापासून..." आणि तोही बंद पडला. मग माळ्याखालच्या खोलीतून खोकी कोसळल्याचा धडाका ऐकू आला, आणि त्या ढिगाऱ्याखालून तोच आवाज शांतपणे म्हणाला, "...माहीत होतं."

"काय माहीत होतं?" सासूबाई त्यांच्या खोलीतून ओरडल्या. "अरे, कोण मध्ये मध्ये दाबतंय?"

तीन दारं उघडली. बाईंच्या केसांना पाण्याचा थेंब लागलेला नव्हता. नवऱ्याच्या डोक्यावर चष्म्याच्या काड्या पसरल्या होत्या. सासूबाईंच्या हातात फोन होता आणि फोन बोलत होता.

"मेंदूला चघळायला रबर, नाही का?" सासूबाई सुनेला म्हणाल्या.

"अगदी बरोबर बोललीस, असं कोण म्हणालं होतं, आई?"

"ते मी रबराबद्दल म्हटलं होतं."

"भांडा नंतर," नवरा डोक्यातली काडी काढत म्हणाला. "मी चौथ्यांदा तेच वाक्य अर्धवट ऐकतोय. एकाच फोनवर लावा, मधोमध ठेवा आणि तिघांनीही हात मांडीवर."

जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून त्यांनी प्रकरण पहिल्यापासून लावलं. कितीतरी दिवसांनी तिघं मिळून काहीतरी करत होते. नायिकेनं चष्मा काढला. सासूबाई पुढं सरकल्या. फुलवाल्यानं कात्री ठेवली. "मला पहिल्या दिवसा..."

बंद. ‘हे पुस्तक सध्या दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.’

सहाच्या सहा हात मांडीवर होते.

"कोण आहे?" सासूबाई हळूच म्हणाल्या, जणू घरात चोर शिरलाय.

"ताई असेल, तिनंच तर वर्गणी भरलीय," नवरा म्हणाला.

"तिचं खातं वेगळं आहे." बाईंचा चेहरा पडला. सगळं जुळलं म्हणून त्यांनी चौकशी बंद केली होती, आणि तीच त्यांची चूक झाली. दोन चोर सापडले म्हणून तिसरा नसतो, असं थोडंच आहे? त्यांनी टॅबचं सगळं सांगून टाकलं: जळकं दुकान, गुरुवार, साहेब, जुन्या फायलींच्या खोलीतला कारकून.

"पण आज रविवार. ऑफिस बंद असेल ना?"

"साहेब काम घरी नेतात."

नवऱ्याचं बोट बटणाकडे वळलं तसं सासूबाईंनी त्यावर चापट मारली. "त्यांचं होऊ दे आधी. हिची नोकरी आहे तिथं."

तिघं वाट बघत बसले. मग बाईंनी भीत भीत बटण दाबलं. या खेपेला कुणी अडवलं नाही, आणि पुस्तक शेवटपर्यंत वाजलं. बायकोच्या खर्चाला धरबंध नाही म्हणून दिलेला घटस्फोट फुलवाल्यानं मागे घेतला. असं मागे घेता येतं की नाही, हे लेखिकेनं विचारलेलं दिसत नव्हतं. नायिका शेवटच्या वाक्यात परत बादलीत पडली.

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तर बोलला का नाही गाढव?" सासूबाई म्हणाल्या. "नापास."

"बिननंबरी काचा होत्या हो तिच्या. मी तर दारातच ओळखलं असतं," नवरा म्हणाला.

"एकही गोष्ट पुराव्याला धरून नाही," बाई म्हणाल्या.

जरा वेळानं सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "पण शेवटी फुलवाला हसला तेव्हा बरं वाटलं, हो."

ते कुणी नाकारलं नाही. अख्खा खोटा दावा तिघांनी बिनतक्रार मंजूर केला होता.

सोमवारी साहेबांनी बोलावलं तेव्हा बाई कबुलीजबाब घोकूनच केबिनमध्ये शिरल्या. टेबलावर त्यांचा टॅब होता. साहेब उठले, त्यांनी दार लावलं, परत येऊन बसले.

"बाई, तुमच्या टॅबवर एक खासगी गोष्ट सापडली."

"हो साहेब. माझीच आहे. कारण सांगत बसत नाही."

"काल दुपारी शेवटच्या प्रकरणात मला पाच वेळा अडवलं गेलं. तुमच्या घरी किती जण ऐकतात?"

"तीन."

"मला वाटलंच." साहेबांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "आमच्या घरात वाद चाललाय. आमची मंडळी म्हणतात, त्या फुलवाल्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तो गप्प बसला, ही लेखिकेची घोडचूक. तुमचं काय मत?"

"चूकच आहे साहेब. कुठलाही शहाणा माणूस लगेच बोलला असता."

"मलाही तसंच वाटलं होतं." साहेब खिडकीकडे बघत म्हणाले. "पण गुरुवारी संध्याकाळी मी तुमचा टॅब उघडला. नियमानं तेव्हाच तुम्हाला बोलवायला हवं होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला, मी काही बोलवलं नाही. बोललो असतो तर टॅब बंद करून कपाटात ठेवावा लागला असता ना. आणि ती मागच्या खोलीत अडकलेली होती."

बाईंनी मान खाली घातली. हसू दिसू नये म्हणून.

"तुमचं नाव वर पाठवलंय," साहेब पूर्वीच्या कोरड्या आवाजात म्हणाले. "माझ्या जागेसाठी."

"साहेब, पण शर्यतीतल्या दुसऱ्यांचाच टॅब तर स्वच्छ होता. मी काही उघडतच नाही, म्हणत होते."

"तेच तर. त्यांच्या टॅबवर काहीसुद्धा नव्हतं. एक गाणं नाही, घरच्यांचा एक फोटो नाही, काही म्हणजे काही नाही. असल्या माणसाचा मला फार संशय येतो."

बाई उठल्या आणि त्यांनी टॅबला हात घातला. साहेबांनी दोन बोटांनी तो आपल्याकडे ओढून घेतला.

"हा असू द्या. तपासणी पूर्ण झालेली नाही. दुसरा भाग आहे म्हणे."

जागेवर येऊन बाईंनी फोन उघडला. दुसरा भाग खरंच होता. पहिलं प्रकरण त्यांनी नुसतं लावून पाहिलं. ‘हे पुस्तक सध्या दुसऱ्या उपकरणावर सुरू आहे.’ त्यांनी केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. नवऱ्याच्या दुकानात ही वेळ तशी रिकामीच असायची, आणि घरी सासूबाईंची पडायची वेळ झाली होती. तिघांवरही सारखाच संशय घ्यायला जागा होती.

बाईंनी समोरची फाइल ओढली आणि आपली पाळी येईपर्यंत एका जळालेल्या दुकानाचा दावा वाचायला घेतला. पहिल्या पानावर लाल रेघ मारण्याआधी, का कोण जाणे, त्यांनी पान उलटून पुढं काय होतंय ते पाहिलं.